युरी, येगोर आणि गिओर्गी : स्लाव्ह पुरुषनावांचा ग्रीक इतिहास

रेवदंड्याजवळच्या चौल बंदरात १४६९च्या सुमारास एक रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन उतरला. त्व्येर शहरातला अफानासी निकितिन. चौलहून तो जुन्नरला गेला, पावसाळा तिथंच काढला आणि पुढे बहामनींच्या बिदरला पोचला. त्याच्या प्रवासवर्णनामुळे दख्खनच्या इतिहासात तो आपल्याला भेटतो, पण त्याच्या नावाकडे सहसा कुणी पाहत नाही. अफानासी म्हणजे ग्रीक अथानासिओस, अमर. निकितिन हे आज आडनाव वाटतं, तेव्हा त्याचा अर्थ फक्त ‘निकिताचा मुलगा’ एवढाच होता, आणि निकिता म्हणजे ग्रीक निकेतास, जिंकणारा. व्होल्गाकाठच्या या बापलेकांचा ग्रीसशी काडीचा संबंध नव्हता, तरी दोघांची नावं ग्रीक. (दख्खनमध्ये त्यानं स्वतःला खोजा युसूफ खोरासानी म्हणवून घेतलं, तो भाग वेगळा.)

हे घडलं कसं, याचं छोटं उत्तर ‘ख्रिस्ती धर्मामुळे’. ते खरंही आहे. पण धर्म दोन वाटांनी आला, एक कॉन्स्टँटिनोपलची आणि एक रोमची. शिवाय पुजाऱ्यानं पोथीतून वाचलेलं नाव गावकऱ्याच्या तोंडी वेगळंच व्हायचं. कुठलं स्लाव्ह (रशियन, पोलिश, सर्ब अशा एकाच भाषाकुळातल्या लोकांचं) नाव कुठल्या वाटेनं आलं, हे त्याच्या अक्षरांवरून बऱ्याचदा ओळखता येतं.

त्याआधी स्लाव्हांची स्वतःची नावं होती. राजघराण्यांत ‘स्लाव’ (कीर्ती) किंवा ‘मिर’ शेवटी असलेली भारदस्त जोडनावं असत : स्व्यातोस्लाव, यारोस्लाव, व्लादिमिर. सामान्यांच्या घरात मात्र त्रेत्याक म्हणजे तिसरा, नेझ्दान म्हणजे अनपेक्षित, नेक्रास म्हणजे देखणा नसलेला, असली नावं सर्रास होती. आपल्याकडे मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू-धोंडू ठेवत, त्याच जातीची ही नावं. कवी नेक्रासोव आणि मॉस्कोच्या चित्रसंग्रहालयाचे त्रेत्याकोव यांच्या आडनावांत ती अजून शिल्लक आहेत.

८६३मध्ये थेसालोनिकीचे दोन भाऊ, कॉन्स्टँटिन आणि मेथोडिओस, बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, सम्राटानं मोरावियात (आजच्या चेक-स्लोव्हाक भागात) पाठवले. स्लाव्ह भाषेसाठी लिपी तयार करणारे हेच. यातल्या कॉन्स्टँटिननं ८६९मध्ये मरणापूर्वी संन्यास घेताना किरिलोस हे नाव घेतलं, आणि जगानं तेच लक्षात ठेवलं. रशियन किरिल, युक्रेनी किरिलो, चेक सिरिल ही त्याचीच नावं. बल्गेरियाचा राजा बोरिस यानं ८६४च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सम्राट मिखाएल तिसऱ्याच्या मानार्थ तो मिखाइल झाला. कीवच्या व्लादिमिरनं ९८८मध्ये तेच केलं. सम्राट वासिलिओस दुसरा बंडानं बेजार होता. व्लादिमिरनं सैन्य दिलं, बदल्यात सम्राटाची बहीण आन्ना हिचा हात मागितला, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी नाव घेतलं वासिली. मेहुण्याचंच नाव! वासिलिओस म्हणजे राजाचा, राजस. पहिल्या पिढीत ग्रीक नाव घेणं हा तहाच्या कलमांइतकाच राजकीय व्यवहार होता.

पण ही नावं लगेच रुजली असं समजू नये. पुढची दोन-तीन शतकं कीवच्या राजपुत्रांना दोन दोन नावं असत. एक घराण्याचं, एक चर्चचं. यारोस्लाव ‘सुज्ञ’ हा चर्चमध्ये गिओर्गी होता, त्याच्या नाण्यांवर संत गिओर्गी आहे, आणि त्यानं १०३०मध्ये वसवलेल्या गावाचं नाव युरिएव, म्हणजे आजचं एस्टोनियातलं तार्तू. व्लादिमिर मोनोमाखनं तर मुलांसाठी लिहिलेल्या उपदेशात आपलं बाप्तिस्म्याचं नाव वासिली आणि ‘रूसी’ नाव व्लादिमिर असं सरळ नोंदवलं आहे. व्लादिमिर, बोरिस, ग्लेब अशी मोजकी नावं संतपद मिळाल्यामुळे चर्चच्या यादीत शिरली. बाकीची जुनी नावं हळूहळू आडनावांत गेली किंवा विस्मृतीत.

सामान्य लोकांत काय चाललं होतं, हे नोवगोरोदच्या चिखलानं जपून ठेवलं. १९५१पासून तिथं भूर्जाच्या सालीवर कोरलेली पत्रं उत्खननात सापडत आहेत : उधारी, भांडणं, लग्नाची बोलणी. १९५६मध्ये एका लहान मुलाची अभ्यासाची सालं मिळाली. तेराव्या शतकातला हा मुलगा मुळाक्षरं गिरवता गिरवता कंटाळला, की चित्रं काढायचा. घोड्यावरचा वीर भाल्यानं शत्रूला लोळवतो आहे आणि शेजारी याचं स्वतःचं नाव : ओनफिम. दुसऱ्या चित्रात विचित्र प्राणी, खाली लिहिलंय ‘मी हिंस्र पशू आहे’. ओनफिम हा ग्रीक अंथिमोस. शेवटचा ‘ओस’ गळाला, कारण स्लाव्ह कानाला ती नुसती विभक्ती वाटली. सुरुवातीच्या ‘अ’चा ‘ओ’ झाला, कारण पूर्व स्लाव्ह बोलींना शब्दारंभीचा ‘अ’ रुचत नसे. युक्रेनीत ती खोड अजून टिकून आहे. रशियन अलेक्सांद्रचा तिथं ओलेक्सांद्र होतो, अलेक्सेईचा ओलेक्सी. आणि निकितिनच्या अफानासीचा ओपानास, पुढे चक्क पानास.

पानासमधला ‘प’ कुठून आला, तर मूळ स्लाव्ह बोलीत ‘फ’ हा उच्चारच नव्हता. ग्रीक नावांत मात्र तो ठायी ठायी. मग ज्याला जे जमलं ते त्यानं केलं. स्तेफानोसचा रशियात स्तेपान झाला, फिलिपोसचा युक्रेनीत पिलिप, निकिफोरोसचा निचिपिर. थिओदोरोस, म्हणजे देवाची देणगी, यानं सर्वांत जास्त हाल सोसले. त्यातला ग्रीक ‘थ’ जिभेला सोसेना, म्हणून रशियनांनी तो ‘फ’सारखा वाचला आणि फ्योदोर तयार झाला. युक्रेनच्या खेड्यांना तोही ‘फ’ अवघड, तिथं ख्वेदिर. या ‘थ’साठी रशियन लिपीत ‘फिता’ नावाचं वेगळं अक्षर होतं. उच्चार ‘फ’चाच, पण नाव ग्रीक आहे हे कळावं म्हणून लिहायचं वेगळं. १९१८च्या लेखनसुधारणेत ते काढून टाकलं. तोवरच्या शाळकरी पोरांना फ्योदोर फिताने आणि फिलिप साध्या ‘फ’ने, हे पाठ करावं लागे.

आता रोमची वाट. मेथोडिओस ८८५मध्ये वारल्यावर त्याच्या शिष्यांना मोरावियातून हाकललं गेलं. चेक आणि पोलिश लोक लॅटिन चर्चकडे गेले, क्रोएट आणि स्लोव्हेनही. तीच ग्रीक नावं त्यांच्याकडे लॅटिन पोशाखात आली. बायझंटाइन ग्रीकांचं बीटा हे अक्षर ‘व’सारखं वाजे, लॅटिननं ते ‘ब’ ठेवलं. म्हणून रशियन वासिली, युक्रेनी वासिल, सर्बियन वासिलिये. पोलंडमध्ये मात्र बाझिली. थिओदोरोसचा पोलंडमध्ये तेओदोर. नियम मात्र इतका सरळ नाही. बल्गेरियन आणि सर्ब ऑर्थोडॉक्स, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेचे, असूनही त्यांच्याकडे तोदोरच चालतो, कारण तिथल्या बोलींनी ‘थ’चा ‘त’ केला. नकाशावर रेघ मारायला जावं, तर असा एखादा तोदोर आडवा येतो.

सर्वांत मोठा गोतावळा गिओर्गिओसचा. मूळ अर्थ शेतकरी. त्या काळच्या ग्रीकात ‘ए’, ‘इ’ यांच्या आधीचा ‘ग’ हा ‘य’कडे झुकलेला होता. पोथीतून गिओर्गी आला, कानानं ऐकलेल्या रूपातून ग्युर्गी आणि मग युरी आला, आणि रशियन खेड्यात येगोर तयार झाला. मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७चा आहे, तो राजपुत्र युरी दोल्गोरुकीच्या संदर्भातला. अवकाशात गेलेला युरी गागारिनही याच वंशातला. चर्चच्या लेखी तिन्ही नावं एकच, व्यवहारात मात्र आज ती स्वतंत्र आहेत. चेकांत यिर्झी, पोलिशमध्ये येझी, स्लोव्हाक आणि क्रोएटांत युराय, बल्गेरियात गिओर्गी, सर्बियात जोर्जे. १८०४मध्ये ऑटोमनांविरुद्ध उठावाचं नेतृत्व करणारा काराजोर्जे, म्हणजे काळा जोर्जे. त्याच्या नावाचा अर्धा भाग तुर्की, अर्धा ग्रीक, आणि माणूस सर्ब.

रशियात या नावाला एक कडू चवही आहे. शरद ऋतूतला युरीचा दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे २६ नोव्हेंबरला येई. १४९७च्या कायद्यानं कुळाला जमीनदार सोडून जायची मुभा फक्त या दिवसाच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात दिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तीही बंद होत गेली आणि १६४९च्या संहितेनं कुळं कायमची बांधली गेली. ‘घे आजी, हा तुझा युरीचा दिवस!’ ही म्हण तेव्हाची. आशेवर पाणी पडलं की रशियन माणूस ती अजून म्हणतो.

मला स्वतःला यापेक्षाही दिमित्रिओसची गोष्ट जास्त विलक्षण वाटते. नाव मुळात देमेतेर या पिकांच्या देवीचं, म्हणजे चर्चच्या दृष्टीनं मूर्तिपूजकांचं. पण तो थेसालोनिकीचा रक्षक संत झाला. सहाव्या-सातव्या शतकांत ज्यांनी त्या शहराला वेढे घातले, त्यांत स्लाव्ह टोळ्या होत्या. संताच्या चमत्कारांच्या ग्रंथात तो नगराला याच स्लाव्हांपासून वाचवतो. पुढे तेच स्लाव्ह त्याचे भक्त झाले. इतके, की ११८५च्या सुमारास बल्गेरियात बायझंटाइन सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा संत दिमितर ग्रीकांना सोडून आपल्याकडे आला आहे, असं आसेन आणि पेतर या भावांनी जाहीर केलं. तेव्हा थेसालोनिकी नॉर्मनांच्या हाती पडलं होतं, त्यामुळे लोकांना ते पटलंही. यातला पेतर मुळात तोदोर. आधीच्या एका बल्गेरियन झारचं नाव त्यानं राज्यावर हक्क सांगायला घेतलं. बल्गेरियात दिमितर, सर्बियात मितर, युक्रेनमध्ये द्मित्रो, रशियात द्मित्री. आणि लाडाचं नाव एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांत मित्या, आजच्या मॉस्कोत बहुधा दिमा.

सर्बियानं स्तेफानोस निवडला, आणि जाणूनबुजून. त्याचा अर्थच मुकुट. नेमान्यिच घराण्याच्या राजांनी तो जवळपास पदवीसारखा वापरला : स्तेफान नेमान्या, १३४६मध्ये सम्राटपदाचा अभिषेक करवून घेणारा स्तेफान दुशान. सामान्य घरांत त्याचाच स्तेवान झाला, क्रोएटांत स्त्येपान, चेकांत श्त्येपान. पोलिश श्चेपान बघून त्यात ग्रीक आहे हे सांगूनही खरं वाटत नाही.

संत निकोलाओसची रूपं निकोला, निकोलाय, मिकोला, चेक मिकुलाश, पोलिश मिकोवाय. रशियात साधा निकोला होता तो सतराव्या शतकाच्या मध्यात धर्मप्रमुख निकोननं केलेल्या सुधारणांत ग्रीक पाठाप्रमाणे ‘निकोलाय’ झाला. ‘जुन्या श्रद्धेच्या’ लोकांनी ते नाकारलं आणि निकोलाच धरून ठेवला. शेवटच्या दोन अक्षरांवरून माणूस कुठल्या पंथाचा ते कळे, आणि त्या काळात त्याची किंमतही मोजावी लागे.

नावांना जात नसते म्हणतात, पण रशियन नावांना वर्ग होता. बाळ ज्या दिवसाच्या आसपास जन्मेल, त्या दिवसांच्या संतांतून पुजारी नाव सुचवी. वजनदार घरं निवड करू शकत, कुळांच्या वाट्याला जे येईल ते. सिदोर हे असंच खेडवळ ठरलेलं नाव. ग्रीक इसिदोरोस, म्हणजे इजिप्तच्या इसिस देवीची देणगी! ‘इवानोव, पेत्रोव, सिदोरोव’ म्हणजे रशियनांचे सोम्यागोम्या, त्यातला हा तिसरा. या पद्धतीची गोगोलनं १८४२च्या ‘ओव्हरकोट’ कथेत मनसोक्त टिंगल केली आहे. पंचांग उघडावं तर मोक्की, सोस्सी, खोझ्दाझात अशी नावं निघतात, शेवटी आई कंटाळून बापाचंच नाव ठेवते : अकाकी अकाकिएविच. अकाकिओस म्हणजे ज्याच्यात वाईट नाही तो. बिचारा कारकून तसाच निघतो.

याच्या उलट टोकाला सम्राज्ञी कॅथरीन. तिनं १७७७मध्ये पहिल्या नातवाचं नाव अलेक्सांद्र ठेवलं. १७७९मध्ये दुसऱ्याचं कॉन्स्टँटिन ठेवलं, तेव्हा तिच्या मनात कॉन्स्टँटिनोपल जिंकून त्याला तिथं बसवायचं होतं. त्यासाठी बाळाला ग्रीक दाई ठेवली होती. गंमत म्हणजे कॉन्स्टँटिन हे नाव मुळात लॅटिन, ग्रीकांकडे ते रोमहून आलं. मॅक्सिम, रोमान, अंतोन यांचंही तेच. आणि इवान, मिखाइल, इल्या ही नावं हिब्रू, ग्रीकातून फक्त पुढे आलेली. ‘ग्रीक नावांच्या’ याद्यांत ही सगळी सरमिसळ नेहमी आढळते.

क्रांतीनंतर १९१८मध्ये चर्च आणि राज्य वेगळं झालं, नोंदणी सरकारकडे गेली, पंचांगाची सक्ती संपली. व्लादिमिर लेनिनचं आखूड केलेलं व्लादलेन यासारखी नावं आली. ती फार चालली नाहीत. अलेक्सांद्र, अंद्रेई, निकोलाय मात्र चालत राहिले, नवल म्हणजे देव न मानणाऱ्या घरांतसुद्धा.

या नावांतले बारकावे आज पुन्हा तापले आहेत ते युक्रेनमध्ये. सोव्हिएत काळात तिथल्या ओळखपत्रावर नाव दोन्ही भाषांत असे, एकाच माणसाचं निकोलाय आणि मिकोला. स्वातंत्र्यानंतर युक्रेनी रूप अधिकृत ठरलं. फुटबॉलपटू शेवचेंको आता अंद्री, अंद्रेई नव्हे. १ सप्टेंबर २०२३पासून युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं आपलं पंचांगही बदललं, आणि तिथले मिकोला १९ डिसेंबरऐवजी ६ डिसेंबरला आपला नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, साजरा करू लागले. सर्बियात तो अजून १९ तारखेलाच असतो.