होमिओस्टॅसिस म्हणजे विरार फास्टमध्ये हात न धरता उभं राहणं

परवा संध्याकाळी दादरवरून भाचीसोबत विरार फास्ट पकडली. ती अकरावी सायन्सला, दुसऱ्या दिवशी बायोची टेस्ट, म्हणून गर्दीतच सुरू झाली, "मावशी, होमिओस्टॅसिस म्हणजे शरीरात सगळं स्थिर राहणं, बरोबर ना?" मी म्हटलं बरोबर आहे पण अर्धंच, आणि समोर बघ. समोर एक बाई दोन्ही हातात मोबाईल धरून सिरियल बघत उभी होती, कशालाच धरलेलं नाही. लांबून बघितलं तर पुतळा, पण पायांकडे बघितलं तर ब्रेक लागला की पोटऱ्या घट्ट, गाडी रूळ बदलायला लागली की कंबर एवढीशी वळते, वजन या पायावरून त्या पायावर, आणि हे सगळं तिच्या नकळत चाललेलं. ती स्थिर नाहीये, ती सतत पडता पडता सावरतेय.

आणि गंमत म्हणजे ग्रीकमध्ये स्टॅसिस म्हणजे उभं राहणंच. होमोइऑस म्हणजे सारखा. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९२६ साली हा शब्द बनवला, आणि त्याने 'होमो' म्हणजे तंतोतंत तोच असं न घेता मुद्दाम 'होमिओ' म्हणजे साधारण सारखा असं घेतलं. आतली परिस्थिती एकाच आकड्यावर गोठलेली नसते, ती एका पट्ट्यात हलत राहते हे त्याला सांगायचं होतं. मूळ कल्पना त्याच्याही आधीची, एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नारने मांडलेली, की आपल्या पेशी बाहेरच्या जगात राहतच नाहीत, त्या शरीरातल्या द्रवात राहतात आणि तो द्रव सांभाळला म्हणून आपण बाहेर मोकळे फिरू शकतो. मराठीत याला समस्थिती म्हणतात, शब्द चांगला आहे, पण त्यातल्या 'स्थिती'मुळे पोरं फसतात असं माझं मत.

आता तापमान घ्या. ३७ अंश हा आकडा सगळ्यांना पाठ, पण तोही पहाटे खाली असतो आणि संध्याकाळी अर्धा-एक अंश वर. मेंदूतलं हायपोथॅलॅमस यावर लक्ष ठेवून असतं, तापमान वाढलं की त्वचेकडे रक्त वळवतं, घाम सोडतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण वाळला तर! आपल्या मुंबईत मे महिन्यात तो वाळतच नाही, हनुवटीवरून थेंब टपकतो, आणि टपकलेला घाम जवळजवळ फुकट. म्हणून नागपूरचे पाहुणे आपल्याला ३४ अंशाला घाबरता काय म्हणून हसतात आणि दोन दिवसांनी आपल्याच पंख्याखाली जीव मुठीत धरून बसतात. हवा इतकी गरम आणि दमट झाली की ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटरसुद्धा ३५ च्या खाली येत नाही, तर सावलीत नुसता बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत संकटात येतो, कारण उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही.

याच्यामागच्या युक्तीला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. निगेटिव्ह म्हणजे वाईट नव्हे, उलट दिशेने ढकलणारा. दोन वडापाव खाल्ले, रक्तातली साखर वर गेली, स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडलं, साखर पेशींत गेली. उपाशी असाल तर ग्लुकॅगॉन नावाचं हार्मोन यकृताला साठवलेली साखर काढायला लावतं (अर्थात संकष्टीला साबुदाण्याची खिचडी हाणली असेल तर स्वादुपिंडाला उपवास आहे हे कळतच नाही). उपाशीपोटी साखर दर १०० मिलीलिटर रक्तात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात असते, म्हणजे पाचेक लिटर रक्तात मिळून जेमतेम एक चमचा साखर, आणि एवढ्याशा चमच्यासाठी हा सगळा खटाटोप. मूत्रपिंडाचं तर विचारूच नका. दिवसाला १८० लिटर द्रव गाळतं, चाळीत मोरीपाशी तो २०० लिटरचा निळा ड्रम असतो ना, जवळजवळ तेवढं, आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात.

जिथे लोक सगळ्यात जास्त चुकतात ते म्हणजे ताप. ताप आला म्हणजे होमिओस्टॅसिस बिघडलं असं म्हणतात, पण तसं नाही. जंतू आल्यावर मेंदू त्याने ठरवलेल्या तापमानाचा काटा स्वतःच वर सरकवतो, म्हणून अंग १०२ असताना थंडी वाजते आणि हुडहुडी भरते, कारण मेंदूच्या हिशोबाने तुम्ही अजून गार आहात. पॅरासिटामॉल तो काटा खाली आणतं, म्हणून तापात चालतं. उष्माघातात काटा जागेवरच असतो, फक्त शरीर हरलेलं असतं, तिथे त्या गोळीचा उपयोग नाही, माणसाला लगेच पाणी-बर्फाने गार करत हॉस्पिटलात न्यावं लागतं.

बाकी हिमोस्टॅसिस वेगळं, ते जखमेतून वाहणारं रक्त थांबणं, परीक्षेत एवढ्याशा फरकाने मार्क जातात. होमिओपॅथीतला होमिओ त्याच ग्रीक शब्दातून आलेला, पण नातं तेवढंच. आणि कुठला हिरवा ज्यूस होमिओस्टॅसिस रिस्टोर करतो अशी जाहिरात दिसली तर पुढे स्क्रोल करा, रिस्टोर करणारे अवयव तुमच्याकडे आहेत.

भाचीने मधेच विचारलं, "पण ती बाई तर ब्रेक लागायच्या आधीच तोल धरतेय." बघितलं तर खरंच, रोजचा प्रवास, कुठे गाडी हिसका देते ते तिला ठाऊक. म्हटलं याला पण शब्द आहे, अ‍ॅलोस्टॅसिस, १९८८ साली स्टर्लिंग आणि आयर यांनी आणलेला, बिघडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा पुढची गरज ओळखून आधीच बदल करणं. सकाळी उठायच्या आधीच कॉर्टिसोल हे हार्मोन वाढायला लागतं, तसं. "हे टेस्टला येईल?" "नाही." "मग राहू दे," ती म्हणाली, आणि तेवढ्यात बोरिवली आली आणि आम्हाला वसईला उतरायचं असूनही गर्दीने दोघींना थेट दारापर्यंत नेलं.