कृपासदन: केडगावच्या एका नावामागची गोष्ट

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. रेल्वेने जाणाऱ्यांना ते गुळासाठी ठाऊक असेल, ख्रिस्ती वाचकाला ते पंडिता रमाबाईंमुळे ठाऊक असते. रमाबाईंना घरांना नावे द्यायची हौस होती, आणि ती नावे त्या विचार करून देत. विद्येसाठी शारदासदन, दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी मुक्तिसदन. १८९९ च्या सुमारास याच आवारात आणखी एक घर उभे राहिले, ते कृपासदन. समाज ज्यांना ‘पतित’ म्हणत होता, अशा बायकांचे हे घर.

नाव साधे वाटते, कारण ‘कृपा’ हा शब्द आपल्या जिभेवर फार रुळला आहे. कसे काय म्हणून विचारले की ‘आपली कृपा’, आणि बँकेत पाटी असते ‘कृपया रांगेत उभे राहा’. वारकऱ्याला कृपा म्हटले की गुरूची आठवण होते. तुकोबांनी तर स्वप्नात झालेल्या गुरुकृपेबद्दल स्पष्टच सांगून ठेवले आहे की आपल्या हातून सेवा काही घडलेली नव्हती. न कमावता मिळालेली देणगी हा अर्थ मराठी माणसाला बाहेरून शिकवावा लागला नाही. मिशनऱ्यांना शब्द आयता मिळाला. गोव्यातल्या कॅथलिक घरांत आजही संध्याकाळच्या प्रार्थनेत मरियेला ‘कुर्पेन भरलेले’ म्हणून नमन करतात. ती ‘कुर्पा’ म्हणजे आपलीच कृपा, कोंकणी उच्चारात घोळलेली.

मात्र रोजच्या वापरातली कृपा वरून खाली येते आणि ज्याच्यावर झाली त्याच्यापाशी थांबते. राजाची कृपा झाली, इनाम मिळाले, झाले. शुभवर्तमानात येशू शिष्यांना पाठवताना म्हणतो, तुम्हांला फुकट मिळाले आहे, फुकट द्या. म्हणजे मिळालेले पुढे गेले पाहिजे. हे वाक्य उपदेशात सोपे आहे. एका माणसाच्या आयुष्यात ते कसे उतरते हे पाहायचे तर रमाबाईंचा प्रवास जरा मागून पाहावा लागतो. उपदेशात क्रम ठरलेला असतो: आधी घ्या, मग द्या. रमाबाईंच्या बाबतीत तो सरळ राहिला नाही.

१८५८ साली जन्मलेल्या या मुलीला वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, रानात राहून संस्कृत शिकवले होते. १८७० च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. १८८२ मध्ये लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन त्या पुण्यात आल्या. इथे आर्य महिला समाज, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढची साक्ष, आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या जोगिणींची, ओळख. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात उतरल्या.

सगळ्या कथेचा सांधा मला इथे दिसतो. भगिनींनी त्यांना काही दिवस लंडनजवळच्या फुलम येथे आपल्या संस्थेचे काम पाहायला नेले. तिथे ‘वाट चुकलेल्या’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी घर होते. रमाबाई चकित झाल्या. धर्मशास्त्रे त्यांना पाठ होती आणि अशा स्त्रीला शास्त्रांनी काय शिक्षा सांगितली आहे तेही माहीत होते. या बायकांना परत माणसांत आणायचे असते, हेच मुळी त्यांनी पहिल्यांदा पाहिले. आपल्याकडे देवाला पतितपावन म्हणतात, पण पतितेला राहायला घर कुठे होते? त्यांनी एका भगिनीला सरळ विचारले, ख्रिस्ती लोक हे का करतात?

त्या भगिनीने वाद घातला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून वाचला. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. यहूदी माणसाने, ज्यांना यहूदी विटाळ मानत त्या शोमरोन्याकडे पाणी मागणे म्हणजे काय, हे ब्राह्मण घरातल्या रमाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. विहीर कुणाची, भांडे कुणाचे, पाणी कुणाच्या हातचे, हे प्रश्न त्यांच्या ओळखीचे होते.

रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी, लिहिली. तो अध्याय वाचल्यावर ख्रिस्त खरोखर तारणारा आहे असे वाटले, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. बुद्धीचे समाधान मात्र एका अध्यायाने झाले नाही. त्यासाठी ख्रिस्ती झालेले पंडित नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांचा मोठा हात होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे कृपेबद्दल त्यांनी ऐकले ते नंतर. आधी ती दुसऱ्या कुणाला दिली जाताना डोळ्यांनी पाहिली.

बाप्तिस्म्यानंतर लगेच शांतता आली असेही नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर कानात वाद घुमतात. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कसे मानायचे, चर्च सांगेल ते सगळे का मानायचे, माझ्या विवेकाचे काय? मांसाहार त्यांनी पत्करला नाही. वाँटेजच्या भगिनी अँग्लिकनांमधल्या ज्या प्रवाहातल्या होत्या, त्यात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन या विधींमधून कृपा मिळते यावर भर असे. ती वैयक्तिक विश्वासाने आणि अनुभवाने कळते, असे सांगणारा दुसरा प्रवाह. हा वाद युरोपात शतकानुशतकांचा, आणि त्यात न शिरलेले बरे. आपल्यापुरते एवढेच की रमाबाई पहिल्या दाराने आत आल्या आणि आठ वर्षांनी दुसऱ्या दारापाशी पोचल्या.

मधल्या काळात काम थांबले नव्हते. १८८६ मध्ये अमेरिका, तिथे मदतीसाठी स्थापन झालेले मंडळ, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन. पुढल्या वर्षी ते पुण्यात आले. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, तो ख्रिस्ती नव्हता. एका घरातले देणे कुठून कुठे झिरपते, पाहा.

१८९१ मध्ये एका इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन रमाबाईंच्या हाती पडले. हा पाद्री व्यासपीठावर उभा राहून प्रवचन देता देता स्वतःच बदलला होता. ते वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे लिहिले. आठ वर्षे ख्रिस्ती म्हणून वावरलेल्या, दोन वर्षे विधवांचे घर चालवणाऱ्या बाईने हे लिहावे, याचे मला फार कौतुक वाटते. कामाच्या जोरावर देवापुढे उभे राहता येत नाही, हे कामात बुडालेल्या माणसाला सगळ्यात उशिरा कळते.

याच सुमारास गाडी अडली. शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाई आपली प्रार्थना उघड्या दाराने करत, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. केसरीने झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या टीकेला केवळ कर्मठपणा म्हणून उडवून लावता येणार नाही. निराधार मुलीला आसरा देताना त्याबरोबर धर्मही येत असेल, तर ते देणे किती मोकळे, हा प्रश्न खरा आहे. रमाबाईंचे उत्तर असे की मी कुणाला ओढत नाही, पण माझी प्रार्थना लपवणारही नाही. मला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या आणि रमाबाईंना स्वतःच्या आईवडिलांचे मरण आठवले. त्या तिकडे गेल्या. मदतीच्या छावण्यांतही एकट्या पोरी सुरक्षित नव्हत्या, त्यांना पळवणारे आणि विकत घेणारे आसपास फिरत होते. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर राहुट्या पडल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विहिरी खणणे, माग, शेती, तेलाचा घाणा, छापखाना; सगळे काम बायकांच्या हाती.

आलेल्यांत ज्यांची विटंबना झाली होती, ज्यांना घरचे कधीच परत घेणार नव्हते, अशा अनेक होत्या. त्यांच्यासाठी जे घर बांधले ते कृपासदन. फुलममध्ये विचारलेल्या प्रश्नानंतर सोळा वर्षांनी.

१९०५ मध्ये मुक्तीत, म्हणजे केडगावच्या या मुक्तिसदनात, मोठी आत्मिक जागृती झाली. मुली रडत पापे कबूल करू लागल्या, प्रार्थना रात्रभर चालत, आणि पुढे त्यांचे जथे गावोगावी साक्ष द्यायला निघाले. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथाचे जगभरचे इतिहासकार त्याच घटनेसाठी केडगावचे नाव घेतात. माझे मन मात्र त्याआधीच्या त्या शांत इमारतीपाशी घोटाळते.

शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, जड संस्कृत शब्द टाळून, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला वाचता यावे असे मराठी. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. पुस्तक १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. तिथे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला आवारातल्याच बायका होत्या, ज्यांना केडगावात आल्यावर अक्षरओळख झाली अशाही. योहानाचा चौथा अध्याय, ती विहीर, ती शोमरोनी बाई, त्यांच्याच बोटांनी जुळली.