सर्फिंगच्या अंदाजामागचे युद्ध

खुल्या महासागराला थेट तोंड देणाऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर सर्फिंगला निघताना तीन आकडे आधी पाहिले जातात: लाटांची उंची, दोन लाटांमधले सेकंद आणि वारा. यातला उंचीचा अंदाज मुळात सैनिकांसाठी होता.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, उत्तर आफ्रिकेत दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरवण्याची तयारी चालू होती. लाटा जरा वाढल्या की होड्या आडव्या होत आणि सराव थांबवावा लागे. मोहिमेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात याहून मोठ्या लाटा असतात, हे वॉल्टर मंक या तरुण समुद्रशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले गुरू हाराल्ड स्वेरड्रुप यांच्यासह त्यांनी रीत बसवली: वारा किती जोरात, किती वेळ आणि किती लांबवर पाण्यावरून वाहिला, त्यावरून लाटेची उंची काढायची. १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेतही ती वापरली गेली. अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, हा संकेतही तेव्हाचाच. अनुभवी नावाडी नजरेने सांगत ती उंची साधारण तेवढीच भरे. त्यामुळे ‘दोन मीटर’ वाचून गेलेल्याला अधूनमधून तीन मीटरची लाट भेटली, तर अंदाज चुकला असे होत नाही.

१९६३ मध्ये मंक यांच्या गटाने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडली आणि दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा प्रशांत महासागर ओलांडताना टिपल्या. सेकंदांचे महत्त्व इथे कळते. खोल पाण्यात १५ सेकंदांच्या लाटांचा जथा दिवसाला सुमारे १,००० किलोमीटर पुढे सरकतो, ८ सेकंदांचा त्याच्या जेमतेम निम्मा. म्हणून दूरच्या वादळाच्या लांब लाटा आधी पोचतात. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात फोनवर लाटांचा अंदाज विकणारी सेवा सुरू झाली, आणि हे ज्ञान सर्फरांच्या हाती आले.

तरी शेवटचे काहीशे मीटर या गणितात नीट बसत नाहीत. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीजवळ आली की लाट फुटते. खडकाळ तळावर ती जागा ठरलेली असते, वाळूवर नाही. वादळ वाळू ओढून पाण्याखाली बांध घालते, शांत दिवसांतल्या लाटा ती हळूहळू परत आणतात. बांधाला खिंड असेल तर दोन्ही बाजूंनी चांगली लाट मिळते, पण त्याच खिंडीतून पाणी जोराने समुद्राकडे ओढते. बांध सलग असेल तर अख्खी लाट एकदम कोसळते; मग उंची आणि सेकंद कितीही छान असोत, फळीवर उभे राहायला वाव नाही. ओहोटीत चालणारा बांध भरतीत कित्येकदा निकामी होतो. वाऱ्याचे सोपे आहे: जमिनीकडून हलका असेल तर लाटेची भिंत उभी राहते, समुद्राकडून आला की चुरा.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डक इथे समुद्रशास्त्रज्ञ रॉब होल्मन यांनी किनाऱ्यावर कॅमेरे लावून काही मिनिटांच्या चित्रांची सरासरी काढायला सुरुवात केली. जिथे लाटा सतत फुटतात तिथे पांढरा पट्टा उमटतो. तोच बांधाचा नकाशा. तो आजचा बांध दाखवतो. पुढच्या आठवड्यातल्या वादळानंतर तो कुठे असेल, ते मात्र वादळ सरल्यावरच्या चित्रातच दिसते.