गोव्यात थंडी नाही, मग ‘०डब्ल्यू’ कशाला?

“पात्रांव, आपल्याकडे थंडी पडते कुठे? दाट तेल घालूया, इंजिन शांत चालेल.” म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गॅरेजात हे ऐकायला मिळतं. पहिलं वाक्य खरं आहे, घोळ दुसऱ्यात आहे.

इंजिन ऑइलच्या डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू ‘विंटर’चा, म्हणजे हिवाळ्याचा. इंजिन फिरू शकेल इतपत तेल पातळ राहतं का, हे ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंश सेल्सिअसला तपासतात, ०डब्ल्यूसाठी उणे ३५ला आणि १५डब्ल्यूसाठी उणे २०ला. जानेवारीच्या पहाटेही पारा विशीच्या आसपास असणाऱ्या पणजीला या परीक्षेशी काय देणंघेणं? थेट काहीच नाही. पण इंजिनाच्या लेखी २५ अंशही थंडच. दाटपणा, म्हणजे विष्यंदिता, सेंटिस्टोकमध्ये मोजतात. पाण्याची जेमतेम १. ५डब्ल्यू-३० सिंथेटिक तेलाची १०० अंशाला साधारण १०-११ भरते, ४० अंशाला ६०-७०. १५डब्ल्यू-४० खनिज तेल ४० अंशाला शंभरी ओलांडतं. रात्रभर तेल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरलेलं असतं. सकाळी चावी फिरवल्यावर वर कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, चढायला दाट तेलाला जास्त वेळ लागतो. इंजिनाची बरीच झीज याच काळात होते.

आता दुसरा आकडा. १०० अंशाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक भरलं तर ते ‘३०’, १२.५ ते १६.३ भरलं तर ‘४०’. म्हणजे एका कंपनीचं जरा दाट ३० आणि दुसरीचं जरा पातळ ४० यांत फरक नावापुरताच असू शकतो. आणि ‘इथे उकाडा आहे म्हणून दाट’ हा हिशेबही तितकासा बसत नाही. थर्मोस्टॅट कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, नव्वदच्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे तेल मडगावात काय आणि म्युनिकमध्ये काय, शंभरच्या आसपासच तापतं. भरल्या गाडीने चोर्ला घाट चढताना ते आणखी तापेल, हे खरं. काही गाड्यांच्या पुस्तिकेत उष्ण भागासाठी ४० चालेल असं लिहिलेलंही असतं. तसं असेल तर खुशाल घाला. पण ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या नव्या पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५० ओतणं म्हणजे तेलपंप, बेअरिंगमधल्या फटी, व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी यंत्रणा या सगळ्यांचा मेळ बिघडवणं. मायलेजही घटतं.

सिंथेटिकचं खरं बळ तापमान बदललं तरी दाटपणा फारसा न बदलण्यात आहे. साध्या तेलात हे काम पॉलिमर, म्हणजे त्यात मिसळलेले लांब साखळीचे रेणू, करतात: थंडीत लाजाळूच्या पानासारखे मिटतात, उष्णतेत पसरतात. पण घर्षणात ते हळूहळू तुटतात आणि तेल पातळ होत जातं. सिंथेटिकचं मूळ तेलच सरस, त्यामुळे पॉलिमर कमी लागतात. मात्र ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेल्या बहुतेक डब्यांत कच्च्या तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून घडवलेलं तेल असतं. त्याला सिंथेटिक म्हणावं का, यावरून अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांत वाद झाला आणि १९९९मध्ये निकाल ‘म्हणावं’ असा लागला. माझ्या मते ग्राहकाने यात फार डोकं घालू नये. तेल चांगलंच असतं.

डोकं घालावं ते बीएस-६ डिझेलवाल्यांनी. यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचं तेल लागतं, मग ग्रेड ५डब्ल्यू-३० जुळला तरी डब्यावर सी२ किंवा सी३ (कमी राखेच्या तेलाचे युरोपीय दर्जे), पुस्तिका सांगेल ते, असायलाच हवं. नाहीतर राख फिल्टरमध्ये साचते, आणि ती जळून जात नाही. शिवाय काजळी जाळायला बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. घर ते बाजार एवढीच फेरी असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं आणि डिझेल तेलात उतरतं. अशा गाडीत डिपस्टिकवर (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवर) तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. गाडी तेल खात नाही म्हणून खूश होऊ नका. पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे गेली असेल, तर ठरलेले किलोमीटर भरायची वाट न बघता तेल बदलून घ्या.