‘छाटणी’ म्हणजे नेमकी कोणती? सॉफ्टवेअरमधल्या ऑन्टॉलॉजीमागचा इतिहास

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला ‘छाटणी कधी झाली?’ असं विचारलं, की तो महिना बघून उत्तर देतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ती काडी तयार होण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, ती घडांसाठी. बागलाणात अर्ली द्राक्षं घेणारे ती त्याहून आधीच उरकतात. जीए या संजीवकातली घडांची बुडवणी, थिनिंग (विरळणी), काढणीचा अंदाज, सगळे दिवस गोडी छाटणीपासून मोजतात. बागेत यात कुणाची गफलत होत नाही. संगणकात होते. ‘छाटणीची तारीख’ असा एकच रकाना ठेवला आणि कुणी त्यात खरड छाटणीची तारीख भरली, तर काढणीचा अंदाज जवळपास सहा महिन्यांनी चुकतो. प्रोग्रॅम अडत नाही, तक्रारही करत नाही. तारीख बरोबर असते, अर्थ चुकलेला असतो.

हा अर्थ प्रोग्रॅमरच्या डोक्यात ठेवायचा, कोडमध्ये पुरून टाकायचा, की यंत्राला तपासता येईल अशा जागी लिहायचा? सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत ऑन्टॉलॉजी आली ती या प्रश्नातून, आणि गेली पन्नासेक वर्षं ती याच प्रश्नाभोवती फिरते आहे.

शब्द मूळचा तत्त्वज्ञानातला. मराठीत त्याला सत्तामीमांसा म्हणतात: काय काय अस्तित्वात आहे आणि त्याचे प्रकार किती, याचा विचार. आपल्याकडे वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म अशी पदार्थांची यादी केली आणि पुढे ‘अभाव’ हाही वेगळा पदार्थ मानला. नसणं हेसुद्धा सांगावं लागतं, हा मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढे तो प्रोग्रॅमरांना बराच छळणार आहे. संगणकशास्त्रात या शब्दाची सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केली. एखाद्या क्षेत्राकडे आपण ज्या संकल्पनांमधून बघतो, त्यांची उघडपणे लिहिलेली मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी, असा तिचा आशय.

काम मात्र व्याख्येच्या बरंच आधी सुरू झालं होतं. रॉस क्विलियन यांनी १९६८ मध्ये शब्दार्थांची जाळी मांडली, मार्विन मिन्स्की यांनी १९७४ मध्ये ‘फ्रेम’ची कल्पना दिली. पण ‘हा त्याचा प्रकार आहे’ ही रेघ प्रत्येक जण आपापल्या अर्थाने ओढत होता. रॉन ब्रॅकमन यांच्या केएल-वन या प्रणालीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या रेघेला तर्काचा पाया द्यायला सुरुवात केली. त्याच परंपरेतून वर्णनात्मक तर्कशास्त्र उभं राहिलं. त्याचा फायदा एका वाक्यात सांगता येतो: व्याख्या नीट लिहिल्या, तर कुठला वर्ग कुणाच्या पोटात बसतो हे यंत्र स्वतः काढतं.

सॉफ्टवेअरच्या बाजूनेही लोक त्याच दिशेने येत होते. जेम्स नेबर्स यांनी १९८० च्या प्रबंधात ‘डोमेन अ‍ॅनालिसिस’ हा शब्द रूढ केला. एका प्रकारच्या अनेक प्रणाली बांधायच्या असतील, तर आधी त्या क्षेत्रातल्या वस्तू आणि क्रिया एकदाच नीट मांडाव्यात, हे त्यांचं म्हणणं. मग १९९१ मध्ये एटी अँड टीच्या बेल लॅब्समधून ‘लॅसी’ आली. प्रेमकुमार देवनबू, ब्रॅकमन आणि सहकाऱ्यांनी डेफिनिटी या टेलिफोन स्विचच्या अवाढव्य कोडवर एक ज्ञानसाठा बसवला. कुठलं फंक्शन कुठल्या फाइलमध्ये आहे हे ठाऊक नसतानाही अभियंत्याने क्रियेच्या, कर्त्याच्या, वस्तूच्या भाषेत प्रश्न विचारायचा आणि कोडपर्यंत पोहोचायचं.

लॅसीचा धडा आजही सगळ्यात दुर्लक्षित आहे. असा ज्ञानसाठा माणसं हाताने भरतात आणि कोड रोज बदलतं. सहा महिन्यांत दोघांची फारकत होते, आणि एकदा दोन-तीन उत्तरं चुकीची आली की अभियंते परत फाइलींमध्ये शब्द शोधायला लागतात. म्हणून ऑन्टॉलॉजीचा जो भाग कोडमधून किंवा डेटाबेसच्या रचनेतून आपोआप निघू शकतो, तो आपोआपच काढावा. हाताने लिहायचा तो फक्त अर्थ, जो कोडमध्ये मुळात नसतोच.

याच बेल लॅब्समध्ये अशा व्याख्या लिहिण्यासाठी ‘क्लासिक’ नावाची भाषा तयार झाली. १९९१ मध्ये ती समजावून सांगताना तिच्या कर्त्यांनी उदाहरण घेतलं वाईनचं: कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन. ते इतकं चाललं, की स्टॅनफर्डच्या प्रोटेजे या संपादकाबरोबर शिकवली जाणारी नटाल्या नॉय आणि डेबोरा मॅकगिनेस यांची २००१ ची मार्गदर्शिका त्याच वाईनवर उभी राहिली, आणि २००४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने ऑन्टॉलॉजी लिहिण्यासाठी आउल ही भाषा जाहीर केली तेव्हा तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही वाईनच आली. त्यामुळे नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपनीत बसून आज कुणी आउल शिकायला घेतली, तरी समोर नापा आणि बोर्दो येतात. नाशिक त्यात नाही. ते उदाहरण घडलं तेव्हा इथली वाईन नकाशावर यायची होती.

ते उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. त्यात प्रत्येक वाईनला नेमका एक निर्माता आहे, किमान एक द्राक्षजात आहे. पांढरी वाईन म्हणजे ‘जिचा रंग पांढरा अशी वाईन’. ही व्याख्या असल्यामुळे रंग नोंदवला की वर्गीकरण आपोआप होतं. आता इथली वस्तुस्थिती घाला. समजा, द्राक्ष एका वायनरीने आंबवलं आणि बाटली दुसरीच्या नावाने भरली. नोंद करणाऱ्याने दोघींनाही निर्माता म्हटलं. नेहमीच्या डेटाबेसने ‘एकच चालेल’ म्हणून दुसरी नोंद नाकारली असती. आउलचा रीझनर, म्हणजे लिहिलेल्या व्याख्यांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, नाकारत नाही. निर्माता एकच असतो, इथे दोन नावं आहेत, तेव्हा ही दोन्ही नावं एकाच वायनरीची असणार, असा निष्कर्ष तो काढतो. दोघींचे पत्ते, परवाने, सगळं एकमेकांत मिसळतं. त्या दोन वायनऱ्या वेगळ्या आहेत हे स्पष्ट लिहिलं असेल, तरच विसंगती कळते.

हा दोष नाही, तो त्या भाषेचा स्वभाव आहे. वेबवर कुणाहीकडे सगळी माहिती नसते, म्हणून आउल खुल्या जगाचं गृहीतक धरते: नोंद नाही म्हणजे तसं घडलंच नाही, असं ती मानत नाही. ‘या प्लॉटवर बंदी असलेलं औषध मारलेलं नाही’ हे फवारणीच्या रिकाम्या यादीवरून ती कधीच सिद्ध करणार नाही. इथे वैशेषिकांचा अभाव परत भेटतो. नसणं वेगळं लिहावं लागतं.

टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांचा सिमँटिक वेबवरचा, म्हणजे यंत्रालाही अर्थ कळेल अशा वेबवरचा, गाजलेला लेख २००१ चा. त्यासाठी माहिती लिहिण्याच्या आरडीएफ या पद्धतीची पहिली शिफारस त्याआधीची, १९९९ ची. २००४ मध्ये आउल, २००८ मध्ये स्पार्कल ही प्रश्नभाषा आणि २००९ मध्ये आउलची दुसरी आवृत्ती आली. आरडीएफमध्ये प्रत्येक गोष्ट तीन तुकड्यांत सांगतात: कोण, कुठला संबंध, कशाशी. थेट लिहिलेले आकडे, तारखा, मजकूर असे अपवाद सोडले, तर तुकड्यांना वेबच्या पत्त्यासारखी कायमची ओळख. बाकी सगळा डोलारा यावर आहे.

सॉफ्टवेअर अभियंत्यांकडे हे मुद्दाम आणण्याचे प्रयत्न त्याच काळातले. २००५ मध्ये सिमँटिक वेबच्या आंतरराष्ट्रीय परिषदेबरोबर या विषयाची कार्यशाळा सुरू झाली. २००६ मध्ये वेब कन्सोर्टियमने ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमरांसाठी खास टिपण काढलं, कारण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला क्लास (वर्ग) आणि आउलमधला क्लास एकच समजून लोक फसत होते. जावात वस्तू जन्मताना तिचा क्लास ठरतो. आउलमध्ये वस्तूचे गुण बघून तिचे क्लास नंतर काढले जातात, आणि ते अनेक असू शकतात. सर्वाधिक फसवणूक होते ती ‘डोमेन’ या शब्दात, म्हणजे गुणधर्म कुठल्या वर्गातल्या वस्तूंचा हे सांगणाऱ्या नोंदीत. ‘फवारणीची तारीख’ या गुणधर्माचं डोमेन प्लॉट असं लिहिलं, आणि कुणी तोच गुणधर्म ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) नोंदीला लावला, तर चूक येत नाही. ब्लोअर प्लॉट होऊन बसतो.

दुसरा खड्डा ‘तेच ते’ सांगणाऱ्या सेम-अ‍ॅज या संबंधाचा. केवडा रोगासाठी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची अनेक उत्पादनं दुकानात मिळतात, आणि मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के असं मिश्रणही मिळतं. नावं जुळवायच्या घाईत कुणी उत्पादन आणि घटक यांना सेम-अ‍ॅजने जोडलं, की पाठोपाठ मिश्रणही दोन्ही घटकांशी जोडलं जातं. हा संबंध दोन्ही बाजूंनी आणि साखळीने लागू होतो, म्हणून मॅन्कोझेब म्हणजेच मेटॅलॅक्झिल असं ठरतं, आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, म्हणजे प्रतीक्षा कालावधी, याचं गणित कोसळतं. इथे हवा तो ‘यात हा घटक आहे’ असा साधा संबंध, आणि टक्केवारी वेगळी.

नाशिककरांसाठी हा नुसता तर्काचा खेळ नाही. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर अंश-तपासणीची व्यवस्था उभी राहिली आणि २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेने ग्रेपनेट सुरू केलं: नोंदणीकृत बाग, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, कंटेनर अशी सलग साखळी. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडवरून माल अडकला, तेव्हा तर बागेत कुठला घटक गेला याच्या नोंदीची किंमत कळली. माग काढायचा तर गट नंबर, बाग आणि प्लॉट हे तीन वेगळे शब्द वेगळेच ठेवावे लागतात. एका गटात दोन प्लॉट असतात, आणि एक प्लॉट दोन गटांत पसरलेलाही असू शकतो.

मोजमापाचंही तसंच. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला गमावलं, कारण एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरं ते न्यूटन-सेकंद समजत होतं. एककांसाठीची क्यूयूडीटी ही ऑन्टॉलॉजी नासामधूनच पुढे आली. इथे टोमॅटोचं क्रेट २० किलोचं आणि निर्यातीची द्राक्षाची पेटी साडेचार-पाच किलोची. ‘नग’ एवढंच लिहून भागत नाही.

आउल नोंदी तपासत नाही, ही उणीव भरायला बराच वेळ गेला. २०१७ मध्ये नोंदी तपासण्यासाठीची शॅकल ही भाषा आली. ती बंद जगात वागते: या वर्गाच्या प्रत्येक नोंदीला हे गुणधर्म इतके असलेच पाहिजेत, नसतील तर अहवाल. माझ्या मते रोजच्या सॉफ्टवेअरसाठी या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात उपयोगी पाऊल हेच. कामाची वाटणीही त्यामुळे सोपी झाली. वर्गांच्या व्याख्या आउलमध्ये, शक्यतो ईएल या आखूड आवृत्तीत, कारण लाखो संकल्पनांवरही ती वाजवी वेळात चालते. रीझनर फक्त बिल्डच्या वेळी, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बांधताना, कुठला वर्ग कायमचा रिकामा ठरतोय का हे बघायला. रोजच्या नोंदींवर शॅकल. आणि नुसती शब्दसूची हवी असेल तर आउल नकोच. शब्दसूचींसाठीचीच २००९ ची स्कॉस पुरते. अन्न व कृषी संघटनेचा अ‍ॅग्रोव्होक हा शब्दसंग्रह स्कॉसमध्येच आहे.

गाजावाजा न होता हे तंत्र जिथे टिकलं, त्या जागा अशाच माफक आहेत. सॉफ्टवेअरमध्ये कुठले घटक, कुठल्या परवान्याचे, हे सांगणारं एसपीडीएक्स २०१० मध्ये सुरू झालं, २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचं प्रतिमान आरडीएफ आणि शॅकलवर बसवलं गेलं. मालाच्या प्रवासाची नोंद ठेवणारं ईपीसीआयएस हे मानक २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत जेसन-एलडीवर, म्हणजे जेसन या नेहमीच्या माहिती-रचनेत आरडीएफ लिहिण्याच्या पद्धतीवर, आलं. प्रोग्रॅमरला ते साधं जेसनच दिसतं.

मराठी नोंदींत मात्र काही अडचणी अशा येतात, ज्या परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे वाटतात, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी एक होत नाहीत. आत घेतानाच एक रूप ठरवून बदलावं लागतं. देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या आरडीएफच्या पूर्णांक प्रकारात बसत नाही. आणि दिवस-महिना-वर्ष अशी तिरक्या रेघांची तारीख ‘तारीख’ प्रकारात टाकली, तर स्पार्कलच्या गाळणीत ती ओळ त्रुटी न दाखवता गळून जाते. उत्तरात प्लॉट कमी का आले, हे शोधण्यात दिवस जातो.

सुरुवात कशी करावी, याचं सगळ्यात टिकलेलं उत्तर टोरंटोच्या मायकेल ग्रुनिंगर आणि मार्क फॉक्स यांनी १९९५ मध्ये दिलं: ऑन्टॉलॉजीने कुठल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची ते आधी लिहा. ‘आज कुठल्या प्लॉटचा प्रतीक्षा कालावधी संपला?’, ‘या कंटेनरमध्ये कुठल्या गटांतला माल आहे?’, असे आठ-दहा प्रश्न पुरतात. प्रत्येकाची स्पार्कल चौकशी करून ती प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवावी. मग छाटणीचा रकाना आपसूक सुटतो. ‘छाटणी’ हा वर्ग, त्याखाली खरड आणि गोडी असे परस्परांत न मिसळणारे दोन वर्ग, काढणीचा अंदाज फक्त गोडीला जोडलेला, आणि शॅकलचा एक नियम: प्रत्येक छाटणी यांपैकी एक असलीच पाहिजे. प्रकार न सांगता आलेली तारीख मग आत येत नाही. फॉर्म भरणाऱ्याला तिथल्या तिथे विचारलं जातं, खरड की गोडी.