कादंबरी छापायला देताय? आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, आमच्याकडे कादंबरी घेऊन येणारे लेखक म्हणतात मजकूर पक्का झालाय, बाकीचं तुम्ही बघा. पण हे 'बाकीचं' म्हणजे मुखपृष्ठ, ब्लर्ब (पुस्तकाची ओळख करून देणारा छोटा मजकूर), अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, वाचक आधी तेच बघतो. जेरार जेनेत या फ्रेंच अभ्यासकाने 1987 साली फक्त याच गोष्टींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'उंबरठे' अशा अर्थाचं. तेव्हा उंबरठा कागदाचा होता, आता तो मोबाइलवर आलाय आणि त्यामुळे आतलं घरही बदलायला लागलंय.

साधा हिशोब बघा. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ईबुक वाचायच्या सोयीवर, फुकट सॅम्पल मिळतं साधारण 10 टक्के, म्हणजे 200 पानांच्या कादंबरीची 20 पानं. त्यात श्रेय वगैरे 3, मनोगत 6, मान्यवरांची प्रस्तावना 9. उरली 2! त्यात नायक जेमतेम एसटीतून उतरतो आणि सॅम्पल संपतं, मग विकत कोण घेणार. म्हणून आम्ही प्रस्तावना मागे टाकायला सांगतो (मान्यवर रुसतात, तो भाग तुम्ही सांभाळा). काही लेखक तर सॅम्पलचा विचार करून पहिलं प्रकरणच नव्याने लिहितात, हे चांगलं का वाईट माहीत नाही, पण होतं.

दुसरं म्हणजे वंशावळ. चार पिढ्यांची कादंबरी असली की सुरुवातीला वंशावळ येतेच, छापील पुस्तकात वाचक तिथे बोट ठेवून वाचतो, फोनवर ते चित्र मुंगीएवढं दिसतं आणि परत मागे कोणी जात नाही. एका लेखिकेने शेवटी ती काढलीच आणि कोण कोणाची आत्या हे संवादांतच आणलं, आणि खरं सांगायचं तर कादंबरी सुधारली. ऑडिओबुकात तर वंशावळ ऐकवणार कशी? तळटीपांचंही तेच, ईबुकात टिचकी मारली की उघडतात, ऑडिओत मात्र वाचून तरी दाखवाव्या लागतात नाहीतर गाळाव्या लागतात. आणि प्रकरणाचं नाव 'आबांचा मृत्यू' ठेवू नका हो, ईबुकाच्या अनुक्रमणिकेत आबा आधीच गेलेले दिसतात!

मुखपृष्ठ करताना आम्ही आधी ते अंगठ्याच्या नखाएवढं करून बघतो, तेवढ्यात नाव वाचता आलं तरच पुढे जातो. बारीक रेषांची सुंदर चित्रं छापील आवृत्तीला जरूर घ्या, ईबुकाला वेगळं करू. ब्लर्बची पहिली दोनच वाक्यं नीट लिहा, फोनवर पुढचं 'आणखी वाचा'च्या मागे लपतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, छापील आणि ईबुकाला वेगवेगळा घ्यायचा, अर्ज आम्ही भरून देतो. येताना फाइल युनिकोडमध्ये आणा, जुन्या फाँटमधली असेल तर तसं आधीच सांगा, जोडाक्षरं तपासायला चार दिवस जास्त लागतात.