शितावरून भाताची परीक्षा, पण पातेली किती?

मतमोजणीच्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: “अकराव्या फेरीपर्यंत पुढे होता, मग एकदम मागे कसा? काहीतरी गडबड आहे.” मागच्या खेपेला मी उत्तर लिहायला बसलो. ते इतकं लांबलं की मामा म्हणाला, “त्यापेक्षा लेखच लिही.” तर हा घ्या. उदाहरण मुद्दाम लांबचं निवडलंय, म्हणजे कुणाचा पक्ष मध्ये यायला नको.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया प्रांत आहे. त्याच्या किनाऱ्यासमोर व्हँकुव्हर बेट, आणि बेटाच्या पूर्व अंगाला कोमॉक्स खोरं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला बर्फाचे डोंगर, मध्ये शेतीची पट्टी. कोर्टनी हे बाजाराचं गाव. शेजारच्या कोमॉक्सला हवाई दलाचा तळ. प्रांताच्या विधानसभेतला कोर्टनी-कोमॉक्स मतदारसंघ तो हाच. जुन्या मतदारसंघात कंबरलँड हे एके काळचं कोळसा खाणींचं गाव आणि डेनमन, हॉर्नबी ही छोटी बेटंही होती. हा सगळा भाग डावीकडे झुकणारा. 2017 च्या निवडणुकीआधी फेररचनेत तो शेजारच्या मतदारसंघात गेला. एकही मतदार न बदलता जागेचा तोल बदलला, फक्त नकाशावरची रेघ सरकली.

9 मे 2017 ला मतदान झालं. रात्री मोजणी थांबली तेव्हा डावीकडे झुकणाऱ्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या रोना-रे लिओनार्ड पुढे होत्या. किती मतांनी? नऊ. समोर लिबरल पक्षाचे जिम बेनिंजर, त्याच हवाई तळाचे माजी प्रमुख. दोघांनाही दहा हजारांच्या किंचित वर मतं. विधानसभेत 87 जागा आणि लिबरल 43 वर अडकलेले. ही एक जागा फिरली की 44, म्हणजे स्पष्ट बहुमत. पुढचे दोन आठवडे अख्ख्या प्रांताचा जीव या नऊ मतांत अडकला होता.

दोन आठवडे कशाला? ‘गैरहजर’ मतांसाठी. आपलं ठरलेलं केंद्र सोडून दुसरीकडे मत द्यायची तिथे सोय आहे. 2017 मध्ये अशी मतपत्रिका एका कोऱ्या पाकिटात जायची आणि ते पाकीट मतदाराचं नाव-सही असलेल्या दुसऱ्या पाकिटात. पाकिटं प्रवास करून मूळ मतदारसंघात पोचायची. तिथे बाहेरच्या पाकिटावरून नाव यादीशी ताडायचे, कुणी दोनदा मत दिलेलं नाही ना ते बघायचे, आणि मगच आतलं पाकीट बाहेर निघायचं. कोर्टनी-कोमॉक्सची अशी सुमारे दोन हजार मतं शिल्लक होती.

आता माझा आवडता भाग. थोडं गणित आहे, पण दहावीच्या पलीकडचं नाही.

समजा ही मतं म्हणजे नाणेफेक: छापा पडला तर लिओनार्ड, काटा पडला तर बेनिंजर. इतर उमेदवारांना गेलेली मतं दोघांतला फरक हलवत नाहीत, ती बाजूला काढा. उरतात अंदाजे दीड हजार. दीड हजार वेळा नाणं उडवलं तर छापा आणि काटा यांत साधारण किती फरक पडेल? शून्य म्हणाल तर चूक. सरासरी शून्य, पण प्रत्यक्ष फरक दर वेळी थोडा इकडे नाहीतर तिकडे पडतोच, आणि त्या हेलकाव्याचं माप म्हणजे नाणेफेकींच्या संख्येचं वर्गमूळ. 1,500 चं वर्गमूळ 39 च्या आसपास. म्हणजे चाळीसभर मतांचा हेलकावा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. त्यापुढे नऊची आघाडी ती काय! फेरमोजणीत ती 13 झाली, तरी तेच.

निकाल लागला तेव्हा फरक होता 189. लिओनार्ड 10,886, बेनिंजर 10,697.

इथे गंमत आहे. 13 वरून 189, म्हणजे 176 ची झेप. चाळीसच्या हेलकाव्याच्या चौपटीहून जास्त. प्रामाणिक नाण्याकडून असं लाखातही क्वचितच घडेल. मग घोटाळा? नाही. चुकलं ते आपलं गृहीतक. उरलेली मतं आधीच्याच भातातली शितं नव्हती, ते पातेलंच वेगळं होतं. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यात एकसारखा शिजलेला असतो. आपलं केंद्र सोडून मत देणारा माणूस बहुधा फिरता, भाड्याने राहणारा किंवा शिकणारा असावा, असा माझा तर्क. नाण्याचं वजनच एका बाजूला. हिशेब केला तर या पाकिटांत दोघांचं प्रमाण साधारण 56 ला 44 निघतं. आधी ते जवळपास निम्मं-निम्मं होतं. वर्गमूळ योगायोगाचा हेलकावा सांगतं, पातेलं बदललंय हे सांगत नाही. पण उत्तर वर्गमूळात मावेनासं झालं की पातेलं बदलल्याचा संशय घ्यावा.

आपल्या फेऱ्यांचंही हेच. केंद्रांचे क्रमांक बहुतेक भागानुसार लागलेले असतात, म्हणून एका फेरीत शेजारशेजारच्या वस्त्यांची यंत्रं उघडतात. शहर संपून गावं सुरू झाली की आघाडी फिरते. टीव्हीवाले याला ‘मोठा उलटफेर’ म्हणतात. मतं तर आदल्या दिवसांपासून पेटीत तशीच पडून असतात. 2024 साली मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा निकाल 48 मतांनी लागला. नऊ लाखांवर मतं फक्त पहिल्या दोघांची, त्यांचं वर्गमूळ साडेनऊशे!

आणखी एक खूळ. गुजरातमधल्या वलसाड मतदारसंघाबद्दल ‘वलसाड ज्याचं, दिल्ली त्याची’ असं आपल्याकडे म्हणतात, तसं कोमॉक्सबद्दलही बोललं जायचं. 1986 ते 2020 सलग नऊ निवडणुका तिथे सत्तेवर येणाऱ्या पक्षाचाच उमेदवार निवडून आला. अहो, प्रांतात इतके मतदारसंघ आहेत. त्यांतले काठावरचे प्रांताच्या वाऱ्याबरोबरच हलतात. एखाद्याची साखळी लांबणारच. त्याला शकुन म्हणायचं असेल तर घरच्या पालीलाही राजकीय विश्लेषक नेमावं लागेल.

2024 ला साखळी तुटली. कोर्टनी-कोमॉक्स कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने शंभराहून कमी मतांनी घेतलं आणि सरकार मात्र न्यू डेमोक्रॅटिकचं आलं, 93 पैकी 47 जागांवर. ती सत्तेचाळिसावी जागा तिकडे सरे-गिल्डफर्डची. मतदानाच्या रात्री तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह पुढे होते. मग पाकिटं उघडली. शेवटचा फरक: 22.